तांदळात लिहिलेलं नाव

पार्ल्याच्या पूर्वेला, स्टेशनपासून चार पावलांवर एक फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टच्या फोटोसाठी येणाऱ्या समस्त पुरुषांसाठी तिथे मिळून एकच काळा कोट होता. तो कोट अंगात घालून उभा असलेला उंच माणूस पुढे माझा नवरा होणार आहे, असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी आणखी मोठ्याने हसले असते. बाह्या त्याच्या कोपरांच्या जरा खाली येऊन संपल्या होत्या.

"फोटोत बाह्या येत नाहीत," तो माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला.

"चेहरा येतो ना पण..." मी म्हणाले आणि जीभ चावली.

त्यावर तो असा हसला की फोटो बिघडलाच. व्हिसाच्या कागदाला हसरा फोटो नको, म्हणून फोटोग्राफरने त्याला परवा पुन्हा यायला सांगितलं. त्याच दिवशी मीही माझे फोटो न्यायला गेले. मस्कतच्या ताईच्या बाळंतपणासाठी मी पासपोर्ट काढत होते. फोटोग्राफरने पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं, "कुंदा अभ्यंकर!" आणि कोटातल्या माणसाने ते नीट ऐकून ठेवलं. पंधरा दिवसांनी त्याची आत्या पत्ता शोधत आमच्या घरी आली.

विद्याधर साने. इराकमध्ये पाणी शुद्ध करायचा कारखाना बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर, सुट्टीवर आलेला. आज मी त्याचं नाव असं बिनदिक्कत लिहिते आहे, पण ते साल ऐंशी होतं. तेव्हा 'अहो'च्या पुढे माझी मजल जात नव्हती.

लग्न जूनमध्ये झालं. सासूबाईंनी माझं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं... रत्नप्रभा. त्यांच्या आजेसासूबाईंचं. नाव वाईट नव्हतं, पण ते ऐकलं की मला सोवळ्यातली, हातात पळी घेतलेली कुणीतरी रागीट बाई दिसायची. तांदळाचं ताट आलं तेव्हा मी मान खाली घालून बसले होते आणि मामी माझी नथ सारखी करत होती. ती बाजूला झाली आणि मी पाहिलं, तर तांदळात अंगठीने लिहून झालं होतं. रत्नप्रभा.

मला फार लागलं ते. नाव ऐकून घरापर्यंत आलेल्या माणसाने ते पुसण्याआधी निदान एकदा विचारायचं होतं.

ताईचं बाळंतपण माझ्यावाचूनच पार पडलं, पण पासपोर्ट उपयोगी पडला. मागच्या पानावर नवऱ्याचं नाव चढलं, पुढच्या पानावर मात्र कुंदाच राहिली. ऑगस्टमध्ये आम्ही इराकला गेलो. बगदादपासून दोन तासांवर कंपनीची वसाहत होती. तिथे मी माझा राग काढायची एक युक्ती शोधली. रत्नप्रभा म्हटलं की तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही.

"ऐकू येत नाही का गं?" तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचा.

"कुणाला हाक मारताय ते कळलं नाही."

तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा... आणि गप्प व्हायचा. मला वाटायचं, याला काही वाटतच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी लढाई सुरू झाली. भोंगा वाजला की आम्ही जिन्याखाली जाऊन बसत असू. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि माझे दात एकमेकांवर आपटायचे. विमानतळ बंद झाला. शेवटी कंपनीने ठरवलं की सगळ्यांना बसने वाळवंटातून जॉर्डनला पोहोचवायचं, तिथून पुढे विमान. देश सोडायच्या परवान्यासाठी घाईघाईत नावांची यादी केली, तीत विद्याधरने आमची दोन नावं घातली. कोणती घातली हे मी विचारलं नाही आणि पासपोर्ट उघडून बघायचं त्यालाही सुचलं नाही.

पहाटे निघालो. वरून विमानांना चमक दिसू नये म्हणून बसला टपापासून काचांपर्यंत चिखल फासला होता. आत अंधूक उजेड आणि उकाडा. बाहेर काय आहे ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि एखादी मोटार जोरात गेली तरी सगळ्या बसच्या माना एकदम खाली जायच्या. चारचौघांत माझ्या शेजारी बसतानाही संकोचणाऱ्या त्याने पदराखाली माझा हात धरला.

"घाबरलीस?"

"नाही... तुम्ही?"

"हो," तो म्हणाला.

लग्नानंतर त्याचा मला आवडलेला पहिला शब्द तो. मी हात सोडवून घेतला नाही.

दुपारी सीमेवरच्या ठाण्याशी आलो. अधिकारी यादीतलं नाव वाचायचा, पासपोर्ट बघायचा, शिक्का मारायचा. विद्याधरचा झाला. मग अधिकाऱ्याने अडखळत रत्नप्रभा वाचलं आणि मी पासपोर्ट पुढे केला. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा यादी पाहिली.

"कुंदा?" तो म्हणाला. "कुंदा यादीत नाही."

नियम साधा होता. यादीत नाव नाही तो परत बगदादला. विद्याधर इंग्रजीत भराभर सांगू लागला तसा अधिकाऱ्याचा संशय वाढला. ही कुंदा असेल तर रत्नप्रभा कुठे आहे? तिच्या परवान्यावर हा माणूस दुसरीच बाई नेतो आहे का? आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. जाताना मी त्याला म्हणाले, तुमचा शिक्का झालाय, तुम्ही जा. त्याने नुसती मान हलवली. नाही.

अधिकारी पन्नाशीचा होता, डोळे झोपेविना लाल. मी शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा केलं आणि सांगितलं की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात.

"का? तू काही गुन्हा केला होतास?"

मी नाही म्हटलं. मग त्याने विचारलं, बदलतात कसं? मी ताटाचं सांगितलं, तांदळाचं, सोन्याच्या अंगठीचं. नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, माझ्या तोंडून बाहेर पडलं. त्याने सगळं लिहून घेतलं आणि तो दुसऱ्या खोलीत गेला.

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. ड्रायव्हर फार थांबणार नाही असं मघाशीच म्हणाला होता. मी कागदावरची माशी बघत बसले. परतीची बस रिकामी असेल, तीत मी एकटी असेन, एवढंच डोक्यात येत होतं.

अधिकारी परत आला. समोर बसला.

"तुमचं बोलणं जुळत नाही," तो म्हणाला. "तू म्हणतेस त्याने रत्नप्रभा लिहिलं. तो म्हणतो, आधी कुंदा लिहिलं. त्याच्या आईने हाताने तांदूळ सारखे केले, मग त्याने दुसरं लिहिलं."

डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

त्याने यादी पुढे ओढली. मग म्हणाला, खोटं बोलणारे आधी ठरवून येतात आणि एकच गोष्ट सांगतात. त्याने यादीत पेनने नाव दुरुस्त केलं आणि शिक्का मारला.

मी पळतच बाहेर आले. बस सुरू होती आणि विद्याधर तिच्या पायरीवर दोन्ही दांड्या धरून असा बसला होता, की त्याला उचलल्याशिवाय दार लावता येऊ नये.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"आईने पुसलं आणि मी पुसू दिलं. यात सांगण्यासारखं काय होतं?" मग खालच्या आवाजात, चाचरत... "कुंदा, माझ्यामुळे तू इथे राहिली असतीस."

मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

अम्मानला दोन दिवस कुणाच्या तरी शाळेत जमिनीवर काढले, मग विमान, मग दुबईत सहा तास. घर जवळ येईल तसा तो जास्तच अस्वस्थ. मी विचारलं तर म्हणाला, सीमेवरच्या माणसाची एवढी भीती वाटली नव्हती. आईला कसं सांगायचं?

सांताक्रूझला विमानतळावर सासूबाई कठड्याला रेलून उभ्या होत्या. काळजीने निम्म्या झाल्या होत्या. "रत्नप्रभा, आलीस गं बाई," म्हणत त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांच्या खांद्यावरून मी विद्याधरकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"आई," तो म्हणाला, "हिचं नाव कुंदा आहे."

त्यांचे हात माझ्या पाठीवर थांबले. मी डोळे मिटून घेतले.

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "तांदूळ मीच पुसले होते."

पार्ल्याला घरी आल्यावर त्यांनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग त्या आत गेल्या आणि ताटात तांदूळ पसरून घेऊन आल्या. ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून बसल्या.

त्याने बोटातली अंगठी काढली. या वेळी मी मान खाली घातली नाही.