शेपटीतली गाठ

"माहा कुत्रा पह्यला आला," प्रेमसिंग राठोड म्हणाले, "पण तो कुत्रा माहा नाही."

त्यांनी बक्षिसाचा कप टेबलावर ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. विमलताई गावंडेंनी मात्र कप सोडून माणसाकडे बघितलं. दिग्रसमध्ये खासगी तपासाची कामं घेणारी ही एकटीच बाई. तिचे यजमान रामराव एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते तिची गाडी चालवत आणि चुकीचे अंदाज बांधत. दोन्ही कामं मन लावून करत.

"नीट सांगा," विमलताई म्हणाल्या.

"कारवान जातीचा हाये. पाखऱ्या नाव. माह्या पोराचा, शामचा. शेपटीच्या टोकाले जन्मापासून गाठ हाये, हात फिरवला तरच लागते. शाम म्हणते, थोडे गुण कमी भेटले तरी चालन, पण याले एकदा रिंगणात फिरवाचाच."

"मग कालच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत शामनंच फिरवला?" रामरावांनी विचारलं.

प्रेमसिंग मनगट चोळू लागले. "मी नेला. परीक्षकानं शेपटीवरून हात फिरवला न् भोंग्यावर सांगतलं, कुत्रा निर्दोष. मंग मी हात लावला. गाठ नव्हती. मैदानातच कोणीतरी बदलला. पाखऱ्या कुठं हाये तेवढं सांगा. शामले काय सांगू मी?"

आवाजात राग नव्हता, काकुळतीही नव्हती. निरोप्याने दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं त्यांनी सगळं सांगितलं.

"मैदानात दोरी सोडली होती का?"

"नाही. घरापासून मनगटाले गुंडाळली होती."

"घरून निघताना शेपटीला हात लावला होता?"

"कायले लावू?"

गाडीत बसताच रामराव म्हणाले, "दुसरा नंबर कोणाचा आला ते विचार. चोर तिथंच आहे."

दुसरा नंबर धरमसिंगचा होता. तो प्रेमसिंगांच्याच तांड्यातला. फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल.

"मी बदलला?" धरमसिंग हसला. "दिवसभर दोरी त्यायच्या मनगटाले होती, साऱ्या मैदानानं पाह्यलं. अन् बदलाचाच असता तर जितणारा कुत्रा त्यायले कायले देल्ला असता, ताई?"

रामरावांनी चहात तोंड घातलं.

"पाखऱ्याला ओळखतोस?" विमलताईंनी विचारलं.

"तं! रोज संध्याकाळी त्या बाभळीखाली येऊन बसे. यवतमाळची एसटी आली की उठे, शाम उतरला का पाहे. आता येत नाही."

"कधीपासून?"

"सोयाबीन निघालं तवापासून."

तांड्यात पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. ओसरीवर एका तरुणाच्या फोटोला हार होता, खाली शामचं नाव. रामराव फोटोसमोर उभेच राहिले. पोळ्याच्या आदल्या दिवशी मोटरसायकलच्या अपघातात गेला, असं आत येता येता शेजारणीने हळूच सांगितलं. सकाळचा आपला प्रश्न आठवून त्यांना फार वाईट वाटलं.

अंगणात प्रेमसिंगांशेजारी धावजी बसले होते. शामच्या बायकोचे, रंजिताचे वडील. बक्षिसाचं कळलं म्हणून आले होते. बक्षीस मिळालेल्या कुत्र्याने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं होतं. मग तो उठला, कोंबड्यांमधून शांतपणे चालत निंबाखाली गेला आणि तिथल्या गुळगुळीत झालेल्या खड्ड्यात अंग मुडपून झोपला. खड्डा त्याच्याच मापाचा होता.

"पाखऱ्या तुमच्याकडचाच ना?" विमलताईंनी विचारलं.

"हो. एकाच वेतातले दोन होते. एक जावयाले देल्ला, एक ठेवला," धावजी म्हणाले.

"ठेवलेला कुठे आहे?"

"हाये कुठंतरी."

रंजिता चहा घेऊन आली, सासऱ्यांपुढे कप ठेवत म्हणाली, "मी मामाजीले म्हटलंच होतं, नका नेऊ. शेपटीत गाठ हाये, लोकं हासतीन."

दिवेलागणीला प्रेमसिंग उठले. भाकर घेतली, कुत्र्यापुढे टाकली. टाकताना नजर भिंतीकडे होती. मग परत येऊन बसले.

विमलताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"प्रेमसिंगभाऊ, कुत्रा मैदानात बदललाच नाही. दोरी तुमच्या हातात होती. आणि काल आलेला परका कुत्रा कोंबड्यांमधून असा चालत नाही. एका रात्रीत त्याच्या अंगाने खड्डा गुळगुळीत होत नाही. हा इथे कितीतरी दिवस राहतो आहे. पाखऱ्या फाट्यावर दिसेनासा झाला, तेव्हापासून."

"मग हा कोण?" रामरावांनी विचारलं.

"धावजींच्या गुडघ्यावर कोण डोकं ठेवेल? त्यांच्याकडे राहिलेला पाखऱ्याचा भाऊ. रंग तोच, फक्त शेपटी सरळ. आणि रंजिता, लोक हसतील याची तुला भीती नव्हती. परीक्षक शेपटीला हात लावणार, ही भीती होती."

रंजिताने बापाकडे बघितलं. धावजींनी मान खाली घातली.

"पाखऱ्यानं खाणं सोडलं होतं," ती म्हणाली. "एसटीची वाट पाहता पाहता एका राती, हॉटेल बंद झाल्यावर, फाट्यावरच मेला. मी न् बापूनं तांड्यामागं पुरला त्याले."

"मले काहून नाही सांगतलं?" प्रेमसिंगांनी विचारलं.

"मामाजी, तुमी दिवसभरात एकदाच उठत होते. त्याले भाकर टाकाले. तो मेला म्हटलं असतं, तं तुमी कायले उठले असते?"

इतके महिने रोज भाकर टाकली आणि एकदाही या जनावराकडे बघितलं नाही, हे प्रेमसिंगांना आत्ता उमगत होतं.

"याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"बिजल्या," धावजी म्हणाले.

"बिजल्या."

कुत्रा उठून त्यांच्याजवळ आला. त्यांनी पाठीवरून हात नेला, शेपटीच्या टोकापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला.

"गाठ नाही," ते म्हणाले. "पाखऱ्या मेला." मग सुनेकडे वळले. "पोरी, शाम मेला न वं?"

"हो, मामाजी."

एवढं बोलून रंजिता मटकन खाली बसली. आजवर घरात कोणाला ऐकू येऊ न दिलेलं रडणं तिच्याने आता आवरेना. धावजी उठायला लागले, पण प्रेमसिंगांनी हाताने त्यांना थांबवलं.

ते स्वतः उठले, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि सुनेसमोर धरलं.