खांबावरच्या चपला

बसा. दार लोटून घ्या, वारा येतोय. आणि हिला गोष्ट म्हणू नका. माझ्या ओळखीच्या माणसाच्या घरी घडलेलं आहे हे. नाव नाही सांगत. काचवाला म्हणू, कारण घरोघरी काचा बसवणं हाच त्याचा धंदा. हात इतका साफ, की त्यानं कापलेल्या काचेच्या कडेवरून बोट फिरवलं तरी ओरखडा उठायचा नाही.

गेल्या डिसेंबरातली रात्र. वर्षातली सगळ्यात लांब असते ना, तीच. जेवणं उरकली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांच्या मागच्या खिडकीची काच फुटली होती आणि त्या थंडीनं काकडत होत्या. "आत्ताच ये रे बाबा," असा फोन आला. काचवाल्यानं काच कापडात गुंडाळली आणि कपाळावर बॅटरीचा पट्टा बांधला.

कोपऱ्यात त्याची आई शाल लपेटून बसली होती. ऐंशी ओलांडलेली.

"स्टेशनाकडे चाललास?"

"नाही गं आई. स्टेशन पाडून जमाना झाला."

"सकाळपासून माझ्या मागे लागल्यात, तिकीट काढ म्हणून," सून हसत म्हणाली. "मी म्हटलं, परतीचं काढू का?"

"परतीचं नको," म्हातारी म्हणाली.

सुनेचं हसू ओसरलं. "तुम्ही जा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी आहे इथं."

आता स्टेशनाचं सांगतो. लोक म्हणायचे, तिथं काही उरलेलं नाही. पण म्हातारीला सगळं दिसायचं. काचवाला रोज संध्याकाळी तिचा हात धरून फिरवायचा आणि ती काठीनं दाखवत जायची. कापडाच्या गोदामाची ती लांबच लांब पायरी, हा फलाट. गॅरेजच्या भिंतीत विटांनी बुजवलेली अर्धगोल खिडकी, इथं तिकिटं मिळायची. तिथून पुढं कमानींचा उंच पूल होता. गाडी घरांच्या उशाशी धडधडत जायची. पूल पाडला, पण घरांच्या मागं दोन दगडी खांब राहिले. ते पाडले असते तर शेजारच्या भिंतीही बसल्या असत्या. त्या खांबांपाशी आली की म्हातारी काठी खाली टेकायची. वर बघत राहायची.

तिचा नवरा त्या पुलावर गस्तीला होता. रात्री गाडीच्या आधी कंदील घेऊन, खडी तुडवत, रूळ तपासत जायचं. पुलाला कठडा नव्हता, म्हणून गस्तवाल्यांचा नियम होता, की पुलावरच्या माणसाला हाक मारायची नाही. दचकला तर गेलाच. हाकेऐवजी दिवा. दिवा आडवा हलला तर थांब. खाली-वर हलला तर ये.

एका धुक्याच्या रात्री कुणीतरी त्याला मागून हाक मारली. तो वळला...

हाक कुणाची, ते घरात कधी निघालं नाही. काचवाला तेव्हा पाळण्यात होता. पण दिव्याच्या त्या खुणा आईनं त्याला लहानपणी खेळ म्हणून शिकवल्या होत्या.

असो. तर बाईंची ती खिडकी नेमकी खांबांच्या बाजूला. मधे फक्त गल्ली. जवळच्या खांबाचा माथा खिडकीच्या उंचीला, आणि दुसरा खांब स्टेशनाच्या उलट बाजूला, चार घरं सोडून.

"बाई, गल्लीतले दिवे गेलेत वाटतं?"

"संध्याकाळीच गेले. तक्रार केली तर म्हणतात, बघतो. बघायला तरी उजेड नको का!"

काचवाला हसला. फुटके तुकडे काढले, जुनी पुट्टी खरवडली. चौकट मोकळी झाली. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला.

"आई तिकडे आल्यात का हो?" सुनेचा आवाज कापत होता. "मी दूध तापवायला उठले, तेवढ्यात... दार सताड उघडं आहे. काठी इथंच आहे."

"तू खाली रस्त्यावर बघ, मी आलोच..."

तो थांबला.

बाहेर खडी वाजत होती.

कुणीतरी खडीवरून चालत होतं. सावकाश. गल्लीत तर सगळीकडे फरशी. आणि आवाज खालून येत नव्हता. समोरून येत होता.

आधी कंदील दिसला. पिवळा. धरणारा हात दिसेना. जवळच्या खांबावरून तो स्टेशनाच्या दिशेनं सरकत होता.

त्याच्या मागून आई.

दोन खांबांच्या मधोमध. पायाखाली काही नाही. तीन मजले खाली अंधार. शाल घसरलेली. पायांत घरातल्या चपला. नजर दिव्यावर.

"अहो आज्..."

काचवाल्यानं बाईंच्या तोंडावर हात दाबला. त्याच्याही जिभेवर 'आई' आलं होतं. दातांखाली धरलं त्यानं ते.

मग त्यानं दिवा नीट पाहिला. आडवा. पुन्हा आडवा. तिला कुणी बोलावत नव्हतं. थांब म्हणत होतं.

आणि ती थांबत नव्हती.

ती जवळच्या खांबावर आली. त्याच्या पुढं एकही खांब नाही.

काचवाल्यानं कपाळावरची बॅटरी काढली. खाली, वर. खाली, वर.

ये. ये...

म्हातारी उभी राहिली. दिव्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. किती वेळ, देव जाणे. मग घरात शिरताना आपण काढतो तशा तिनं चपला काढल्या. शेजारी शेजारी ठेवल्या. आणि गल्लीवरून, अनवाणी, चालत आली...

त्यानं तिचा हात धरला. बर्फ. दोघांनी मिळून तिला आत ओढून घेतलं.

बाहेर दिवा एकदा हलला. मग अंधार.

म्हातारीनं लेकाच्या गालावरून हात फिरवला.

"या वेळी मी नाही रे हाक मारली," ती म्हणाली.

त्या रात्रीची हाक कुणाची, ते काचवाल्याला तेव्हा कळलं. त्यानं तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसला.

सकाळी उजाडलं तेव्हा बाईंनी खिडकीतून पाहिलं. खांबाला ना पायरी, ना शिडी. माथ्यावर चपला. टोकं खिडकीकडे.

आता म्हातारी गाडीचं नाव काढत नाही. झोप छान लागते. सुनेनं नव्या चपला आणल्या, त्या मात्र घालत नाही. "माझ्या आहेत की," म्हणते.

परवा मी स्वतः त्या खिडकीतून पाहून आलो. चपला आहेत तिथंच. एवढं वारं सुटलं होतं मधे, पडल्या नाहीत.

फक्त टोकं... आता स्टेशनाकडे आहेत.