नाव द्या तिले

सांगते, पण मध्येच बोलू नका. मध्ये बोलणाऱ्यांनीच घात केलाय माझा.

रविवारी दुपारी मेडशीच्या आमच्या विहारात वाचन असतं. एकानं कथा मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि मग तिचा कीस पाडायचा. त्या दिवशी कथा माझी होती. तान्ही लेक सासूबाईंकडे सोपवून मी गेले होते. पुढच्या रविवारी तिचं नामकरण होतं.

माझ्या कथेत एक बाई आहे. ती कुणाच्याही दारात येते, पाणी मागते, पिऊन निघून जाते. मग त्या घरातलं धाकटं लेकरू स्वतःच्या नावाला ओ देत नाही. एवढंच. वाचून संपलं. वाटलं, आता कोणी भाषेबद्दल बोलेल, शेवटाबद्दल बोलेल.

"बाईचं नाव काय?" म्हाताऱ्या रुपाबाईंनी विचारलं.

"नाई देलं, काकू. मुद्दामच. नाव नसलं का भेव जास्त वाटते."

"तिले वाटत असन ना मंग! बिनानावाची हिंडून राह्यली बिचारी. म्हनून त लेकरायचे नावं नेते."

डोकंच फिरलं माझं. पोस्टात नोकरीला असलेला धम्मरत्न, चांगला शिकलासवरलेला, तोही मान डोलवायला लागला. "वयनी, देऊन टाका एखांदं. अशी सोडू नका तिले..."

ही बाई मी रचली आहे, ती कुठेच नाही, हे सांगून घसा बसला. कोणी ऐकेना. एकेका वाक्यावर मी घाम गाळला होता, त्याचं कुणाला काही नाही!

"घ्या, उत्पला नाव तिचं! झालं समाधान?" मी खेकसले.

आणि जीभ चावली. ते नाव मी लेकीसाठी ठरवलं होतं. नामकरणालाच सांगायचं म्हणून नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं.

सगळ्यांच्या आधी उठून मी तणतणत थेट घरी आले. सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या.

"तुई मैतरीन येऊन गेली आत्ताच. उत्पला म्हने."

मी लेकीजवळ खाली टेकले. "पानी... पानी मांगतलं तिनं?"

"नाई वं. लय खूश होती. म्हने, नीलिमानं मले लय मोठी गोष्ट देली." सासूबाईंनी लेकीचं दुपटं सारखं केलं. "मंग इचारलं, पोरीचं नाव काय? म्या म्हनलं, ठेवाचं हाये. त कशी उदासच झाली... हिच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हने, आता हिले हिंडा लागन."

लेक रस्त्याकडे टक लावून पाहत होती. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं... आणि कोणत्या नावानं मारू, तेच सुचेना.