गुरुवारची फरसबी

"अहो, तुमची फरसबी करपतेय!"

फाटकापलीकडून आवाज आला तेव्हा मी अंगणातल्या जर्दाळूखाली नुसती बसले होते. धावत आत गेले. कढईतून धूर निघत होता, शेंगा एका बाजूनं काळ्याठिक्कर. कढई उतरवून, डोळे पुसत बाहेर आले तर तो अजून तिथंच. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर फावडं आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"वास तिथवर आला?" मी विचारलं.

"छे, वारा उलटा आहे. पाण्याच्या पाटावर एक बाई बसल्यात, त्यांनी पाठवलं. म्हणाल्या, निळ्या फाटकाच्या घरात जा, पोरगी तेल तापत ठेवून शून्यात बघत बसली असेल."

त्याचं नाव इस्खार. शेतांना पाटाचं पाणी सोडणारा नवा पाटकरी. आमच्यासारखाच दुंगान, म्हणजे पूर्वी चीनमधून किर्गिझस्तानात आलेल्या मुसलमानांपैकी, पण खालच्या चू खोऱ्यातला. कराकोलजवळच्या आमच्या गावात येऊन त्याला चार दिवस झाले होते, गावात कुणाला ओळखत नव्हता.

आणि माझ्या आत्याला जाऊन त्या दिवशी सात दिवस झाले होते.

मी तिच्याकडेच वाढले. गुरुवारी तेल तापवलं की वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो, हे तीच सांगायची. तेलात काय टाकायचं ते मात्र मी ठरवलं. परसात फरसबी लगडली होती, आणि शेवयांचे वाडगे मांडून झाले की आत्या हटकून उठायची... "थांबा गं, तोंडीलावणं नको?" पाच मिनिटांत शेंगा, लसूण, लाल मिरची, वरून सिरका. बाकीच्यांचा पहिला घास व्हायच्या आत बशी समोर.

पुढच्या गुरुवारी शेंगा धुऊन तेलाजवळ नेल्या, तोच फाटक वाजलं.

"निरोप आहे," इस्खार म्हणाला. "शेंगा पुसून घे, म्हणाल्या. ओल्या टाकशील तर तोंड भाजून घेशील."

माझ्या हातातल्या शेंगांतून पाणी ठिबकत होतं.

"कोण आहे ही बाई?"

"मला काय ठाऊक? बुटक्या आहेत. पाटात पाय सोडून बसतात. हां... डाव्या करंगळीला टोक नाही."

मी आतून आत्याचा फोटो आणला. त्यानं तो बघितला, हसला, "ह्याच की!" म्हणाला... मग माझ्या डोक्यावरच्या दुखवट्याच्या पांढऱ्या रुमालाकडे त्याचं लक्ष गेलं आणि हसू ओठांवरच विरलं.

"दोन आठवडे झाले," मी म्हटलं.

तो उंबऱ्यावरच बसला. फावडं बाजूला आडवं झालं ते त्याला कळलंही नाही. मी चहा दिला, फरसबीची बशी दिली. बशी निम्मी झाल्यावर त्याला कंठ फुटला.

"म्हणजे मी मेलेल्या बाईचा निरोप्या?"

"घाबरलात?"

"घाबरलोच. पण फरसबी छान झालीय." आणि हळूच, "मजुरी म्हणून दर गुरुवारी मिळाली तर नोकरी सोडणार नाही."

मी त्याच दुपारी पाटावर गेले. कुणी नव्हतं. कडक ऊन होतं, सगळे दगड कोरडे खडखडीत, फक्त एकावर दोन लहान पावलांची ओल. मी बराच वेळ उभी राहिले. ती वाळेना.

भीती वाटायला हवी होती ना? वाटलीही. पण तिसऱ्या गुरुवारी मी काय करावं? शेंगांच्या शिरा काढल्याच नाहीत. मुद्दाम! म्हटलं, बघू या निरोप येतो का... खरं तर निरोप्या येतो का.

तो आला. केस ओले करून विंचरलेले.

"शिरा काढ, म्हणाल्या. दातात अडकतात."

"आणखी काय म्हणाल्या?"

"आणखी..." त्यानं बुटाकडे बघितलं. "म्हणाल्या, पोरगी हसते तेव्हा बरी दिसते."

"आत्या असं कधी म्हणायची नाही हं!"

"मेल्यावर माणसं मऊ होत असतील."

चौथ्या खेपेला मी मिठाच्या बरणीत साखर भरून ठेवली. हे मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. इस्खारनं फाटकातूनच हाक दिली, "साफिया, मीठ टाकण्याआधी चाखून बघ!" माझ्या अंगावर सर्रकन काटा आला... आणि त्यानं पहिल्यांदा मला नावानं, अगंतुगं करून हाक मारली म्हणून गालही तापले. दोन्ही एकाच वेळी. पाचव्या गुरुवारी मी काहीच चुकवलं नाही. तेव्हा तो म्हणाला, "आज सगळं नीट आहे म्हणाल्या. फक्त एक बशी जास्त वाढ."

पण दुखवट्याचे चाळीस दिवस भरत आले होते. चाळिसावा झाला की टोकमोकचे काका घराला कुलूप लावून मला घेऊन जाणार होते. तिकडे त्यांनी एक स्थळही बघून ठेवलं होतं. चाळिसाव्याच्या दुपारी पाहुणे पांगले, काका मशिदीत मौलवींना पोचवायला गेले. मागच्या दारी इस्खार रिकामी पातेली रचत होता.

"आज काय निरोप?" मी विचारलं.

त्यानं रचलेली पातेली उगाच पुन्हा सारखी केली.

"मला माहीतय काय असेल. ह्या पोराशी लग्न कर, असंच ना? इस्खार, मेलेल्या माणसाच्या शिफारशीवर मी नवरा करणार नाही. तू तिच्यासाठी येतोस की..."

"त्या भेटत नाहीत," तो एकदम म्हणाला.

"म्हणजे?"

"दुसऱ्या गुरुवारनंतर दिसल्याच नाहीत. मी वाट बघायचो आणि मग आपला... काहीतरी रचून यायचो. तुला भेटायला दुसरं निमित्त नव्हतं."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी काहीतरी हलकं, गोड छातीत भरून आलं. आणि तेवढ्यात आठवलं.

"शिरा काढ, हे कुणीही सांगेल. पण मग साखरेचं कसं कळलं?"

"कुठली साखर?"

"मिठाच्या बरणीतली! चाखून बघ म्हणालास."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी... फाटकाशी आलो आणि तोंडातून निघालं. आधी मनातही नव्हतं."

आम्ही दोघांनी एकदम स्वयंपाकघरात बघितलं. चूल विझलेली होती. तिच्यासमोर फरशीवर दोन लहान पावलं उमटली होती, ओली. इस्खारचे बूट दाराबाहेर होते. माझे पाय कोरडे होते. बघता बघता कडांकडून ती ओल आटत गेली, टाचा राहिल्या, मग त्याही गेल्या.

त्यानं माझा हात धरला की मी त्याचा, सांगता येणार नाही. दोघांचेही गार पडले होते.

"गेली," मी म्हटलं. रडू आलं ते तेव्हा. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. तो नुसता उभा राहिला माझा हात धरून, आणि मला तेवढंच हवं होतं.

अंगणात काकांची पावलं वाजली. मी हात सोडवू लागले, त्यानं सोडला नाही.

काका दारात थबकले. माझ्याकडे, त्याच्याकडे, मग हातांकडे बघितलं.

"हा कोण? ह्याला कुणी पाठवलं?"

इस्खार काकांकडे वळला. मला वाटलं, आता सांगतो पाटावरच्या बाईचं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "माझा मीच आलोय. साफियासाठी."

"आणि तू गं?"

"मी टोकमोकला येत नाही, काका," मी म्हटलं. "मला हाच हवाय."

काका टोपी काढून खाटेवर टेकले.

"अरे, मग बस की खाली," ते म्हणाले. "उभ्या उभ्या मागणी घालतं का कुणी?"