प्रिय स्किल्स यांस

"मला आलेल्या नकाराच्या मेलमध्ये माझं नावच नाहीये," वहिनी फोनवर म्हणाली. "येतेस का जरा?"

नणंद तडक निघाली. सॉफ्टवेअर तपासून दुसऱ्यांच्या चुका काढणं हा तिचा धंदा. ऑफिसात तिला ‘भिंग’ म्हणत, आणि घरच्यांनीही ते नाव आनंदानं उचललं होतं. दादा-वहिनी दोघंही इंजिनियर, एकाच कंपनीतली नोकरी एकदमच जाऊन घरी बसलेले. दादाला मुलाखतींची बोलावणी येत होती. वहिनीच्या वाट्याला नुसते नकार. आज संध्याकाळपर्यंत शेवटचा अर्ज करायचा, तोही फुकट गेला तर इंजिनियरचं हे कामच सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं.

दादा खिडकीपाशी शर्टाला इस्त्री करत होता. बहिणीकडे न बघताच त्यानं ‘आलीस?’ म्हटलं.

वहिनीनं लॅपटॉप पुढे सरकवला. मेलची सुरुवात होती: ‘प्रिय स्किल्स’.

"अर्ज केल्यावर किती वेळानं आला हा?"

"चहा उकळायच्या आत."

"म्हणजे माणसानं वाचलाच नाही. यंत्रानंच चाळून बाहेर टाकला. अर्जात नाव तू भरलंस?"

"बायोडेटा चढवला की ते आपोआप भरतं."

"आणि तो बायोडेटा कुणी केला?"

"तुझ्या दादानं. दोघांचे एकाच साच्यात. निळी पट्टी, दोन रकाने, कौशल्यांपुढे चांदण्या. किती देखणे झालेत, असं मीच म्हटलं होतं."

भिंगनं सगळा मजकूर उचलून कोऱ्या फाईलमध्ये टाकला. पट्टीवरचं नाव गायब, कारण पट्टी म्हणजे चित्र होतं. चांदण्याही गेल्या. दोन्ही रकाने आडवे वाचले गेले होते, त्यामुळे अनुभवाची वर्षं छंदांत आणि फोन नंबर कंपनीच्या नावात घुसला होता. सगळ्यात वर उरला होता कौशल्यांच्या मथळ्याचा एकच शब्द, स्किल्स; यंत्रानं तेच नाव धरलं होतं.

वहिनी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "म्हणजे खोट माझ्यात नव्हती? सापडला म्हणायचा चोर."

भिंगला ते पटेना. मग त्याच साच्यावर दादाला बोलावणी कशी? आणि तो मघापासून एकाच बाहीवर इस्त्री का फिरवतोय?

"दादा, तुझा बायोडेटा दाखव."

"आत्ता? इस्त्री गरम आहे."

"बंद कर."

त्यानं बॅगेतून कागद काढला. एकच रकाना, काळी अक्षरं. पट्टी नाही, चांदण्या नाहीत.

"कधी बदललास?"

"मध्यंतरी. सहज."

"सहज कसा? तुलाही तसाच मेल आला असणार. कुणाच्या नावानं आला होता?"

"स्किल्सच्याच," तो पुटपुटला.

भिंगला हे बोलणं जिवावर आलं होतं, तरी ती बोलली. "यंत्र काय वाचतं ते तेव्हाच तुला कळलं. तू रकाने मोडलेस, नाव साध्या अक्षरांत लिहिलंस, जाहिरातीतले जे शब्द तुला खरंच लागू होते ते घातलेस. बोलावणी आली. वहिनीचा बायोडेटा मात्र तसाच जाऊ दिलास."

"मी तिचं काहीच बिघडवलं नाही, भिंग. मी काही केलंच नाही."

"तेच तर."

"आम्ही एकाच जागांना अर्ज करत होतो," तो म्हणाला. "ही आत गेली की मला कोण विचारणार? कंपनीत माझा कोड हीच निस्तरायची. रोज ठरवायचो, आज सांगू. ही नकार वाचून दाखवायची आणि मी म्हणायचो, नशीब. मला माझीच लाज वाटते."

वहिनीनं कोरं पान उघडलं होतं. ती न थांबता साधा बायोडेटा टाइप करत राहिली, शेवटी एकदा वाचलं आणि अर्ज पाठवून दिला.

"उद्याची मुलाखत मी रद्द करतो," दादा म्हणाला. "तू आत्ता अर्ज केलास ती जागा तीच आहे."

"अजिबात नाही. तुझ्या उपकाराची नोकरी नकोय मला. तुला हरवून हवीय."

"आणि आपलं काय?"

"माफीचा अर्ज लिही," वहिनी म्हणाली. "तिथे चाळणी नाही. तो मी स्वतः वाचणार आहे."