उरलेला नट

कराडच्या सदाशिवराव आंबवण्यांचं बोलणं रोज पहाटे साडेपाचला, ते झोपेत असतानाच, नव्याने जुळवलं जाई. अर्धांगवायूने वाचा गेल्यावर त्यांच्या कानामागे 'वाणीसेतू' नावाची चकती बसवली होती. मेंदूतला शब्द जिभेपर्यंत पोचवणं हे तिचं काम. चकतीतल्या प्रोग्रॅमचे हजारो तुकडे होते, जवळजवळ प्रत्येक शब्दाला एक. कुठला तुकडा कशाला लागतो याची यादी वाचून ते क्रमाने जोडायचा तो 'जुळारी' हा दुसरा प्रोग्रॅम. काल बदललेलं तेवढंच तो पुन्हा जोडी, आणि ज्यावर कुणीच अवलंबून नाही ते टाकून देई. माणसांना न जमणारी शिस्त होती ती.

एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षं इंजिनं खोललेल्या सदाशिवरावांना मात्र हे टाकून देणं पटत नसे. जुळारी सांभाळणारी डॉ. रेवती सामंत तपासणीला आली की ते तिला चिडवायचे. त्यांच्याकडे इंजिन जोडून टेबलावर एखादा नट उरला, तर तो कुठला हे कळेपर्यंत गाडी सोडत नसत. जुळारीकडे नट उरतच नाही, असं रेवती हसून सांगे.

पण एक उरला होता, आणि तो घरातच होता. सदाशिवरावांची बायको थकल्या हृदयाने अंथरुणाला खिळली होती. एका सकाळी ती म्हणाली, "लग्नात उखाण्यात घेतलंत तेवढंच. जायच्या आदी एकदा माजं नाव घ्या की."

त्यांनी तोंड उघडलं, पण जीभ जागची हलेना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. म्हातारा अजून लाजतोय असं वाटून ती बिचारी हसली. त्यांनी मात्र त्याच दिवशी रेवतीला बोलावून घेतलं.

रेवतीला कारण सापडायला वेळ लागला नाही. शब्दांचे तुकडे सदाशिवरावांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवले होते. बेचाळीस वर्षं बायकोला "ऐकलं का" अशी हाक मारणाऱ्या माणसाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिचं नाव येणार कुठून? हा तुकडा हाताने बनवता आला असता. मात्र रेकॉर्डिंग नसलेला तुकडा जुळारी मुकाट्याने तपासू शकत नाही. रोजच्या जुळणीनंतर तो शब्द माणसाच्याच तोंडून एकदा मोठ्याने उच्चारून बघतो. सदाशिवराव म्हणाले, चालेल.

"आणि आजोबा, यावर कोण अवलंबून आहे ते यादीत लिहावं लागतं, नाहीतर उद्याच तो टाकून देईल. काय लिहू?"

"माजं नाव लिवा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतःच्याच आवाजाने जागे झाले. तोंड म्हणालं होतं, "वैजयंता." शेजारच्या खाटेवरून लगेच उत्तर आलं, "आले." तिला उठून बसायलाही येत नव्हतं, तरी 'आले'. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवशी सदाशिवरावांनी ते नाव कितीदा घेतलं याला सुमार नाही. हे सुख अकरा दिवस टिकलं.

वैजयंताबाईंच्या तेराव्यानंतर रेवती आली ती अपराधी चेहऱ्यानेच. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या पहाटेही जुळारीने आपलं काम चोख केलं होतं, आणि रिकाम्या खाटेशेजारी हाक उमटली होती. त्यानंतरही एक पहाट चुकली नव्हती. यादीतली एक ओळ खोडली की हे थांबणार होतं.

"खोडते, आजोबा," ती हळूच म्हणाली. "त्या तुकड्यावर आता कुणी अवलंबून नाही."

सदाशिवरावांनी तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "कोन हाय, ते तुमीच लिवलंय की."

रेवतीने काही न बदलता यादी मिटली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला हाक आली. सदाशिवराव डोळे मिटून पडून राहिले, आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबून मगच उठले.