बावीस चौकटींचं पुरण

दृश्यचालक यंत्राच्या पडद्यावर हर्षद बोलत होता आणि त्याच्या डाव्या खांद्यामागे ती बया आजही तरंगत होती.

ऋजुता केळुसकर चार महिने नवऱ्याचे संदेश बघत होती असं दूरसंपर्क केंद्रात सगळ्यांना वाटे. खरं तर ती फक्त तो कोपरा बघत होती. हर्षदचं ‘अन्वेषक’ यान मंगळाकडे निघालं त्या पहिल्या आठवड्यात त्याची सहप्रवासी डॉ. तेजल इंगवले एकदा त्या कोपऱ्यातून गेली होती, केस मोकळे सोडून. दुसऱ्या आठवड्यात ती दोनदा दिसली. आता तर ती तिथून हलायलाच तयार नव्हती. ऋजुताच्या अंगाचा तिळपापड होई.

त्यात हर्षदचं बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. "तू हसतेस ना, तशीच रोज हसत जा," हे प्रत्येक संदेशात ठरलेलं. चार महिन्यांत ऋजुता कॅमेऱ्यासमोर एकदाही हसली नव्हती. म्हणजे हा माणूस आपले संदेश उघडूनसुद्धा बघत नाही, असा हिशेब तिनं कधीच करून टाकला होता.

आज सकाळी दहा वाजता तिनं उत्तर धाडलं. "परत आलास की माझ्या घरी येऊ नकोस. तिच्याच घरी जा." आणि जरा हलकं वाटताच ती ग्रहण विभागात तांडेलसरांकडे गेली. यानाकडून येणारा प्रत्येक संकेत आधी त्यांच्या हाताखालून जाई.

"सर, गुरुवारच्या संदेशातली एक मूळ चौकट काढून द्या. तेजल दिसतेय अशी. उद्या तो नाही म्हणाला तर तोंडावर फेकायला हवी."

तांडेलांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ शोधलं. "कोणती तेजल? हर्षद एकटाच आहे इथं."

"असं कसं? मी रोज बघते!"

"बस पोरी. चलचित्राला सेकंदाला चौकटी किती लागतात?"

"पंचवीस."

"मंगळाच्या वाटेवरून धड पोचतात किती?"

"तीन. आवाज हलका, तो पूर्ण येतो. चित्राच्या बावीस चौकटी दृश्यचालक भरतो."

या भरलेल्या चौकटींना केंद्रात सगळे ‘पुरण’ म्हणत. चित्र अडखळतं, माणूस लुळा पडल्यासारखा दिसतो, अशी अंतराळवीरांच्या घरच्यांची तक्रार होती. पुरणाची युक्ती ऋजुतानंच काढली आणि तिचं कौतुकही झालं होतं.

"भरतो कशावरून?" तांडेलांनी विचारलं.

"आधी जे दिसलंय त्यावरून. नजरमापक बघणाऱ्याचे डोळे टिपतो. नजर जिथं टिकते तिथं अडखळ लगेच कळते, म्हणून तिथं आधी पुरण. नजर जे शोधते ते..." परीक्षेत धडाधड उत्तरं देणाऱ्या मुलीसारखी बोलता बोलता ती थांबली. मग घाईनं म्हणाली, "पण तीन चौकटी खऱ्या असतात ना! कोपरा रिकामा असता तर त्यांत दिसला असता."

"धक्का-मर्यादा किती ठेवलीस?"

"शून्य."

आजूबाजूच्या चौकटींशी न जुळणारी चौकट म्हणजे धक्का, आणि मर्यादा शून्य असली की दृश्यचालक असा प्रत्येक धक्का काढून टाकी. चित्र लोण्यासारखं चालावं म्हणून ती मांडणी तिनं स्वतः केली होती.

"मग रिकामा कोपराच धक्का ठरला," तांडेल म्हणाले. "बावीसजणींनी तिघींना हाकललं. अगं, तेजल तिसऱ्या आठवड्यापासून पलीकडच्या कक्षात रोपं वाढवतेय. त्या कॅमेऱ्यासमोर तिला तू बसवलीस."

ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. संदेश पोचायला चौदा मिनिटं लागत, म्हणजे तिचे शब्द अजून वाटेतच होते. पण प्रकाशाला मागून गाठून परत आणता येत नाही. नवा संदेश पाठवायचा तर प्रक्षेपणाची अँटेना बारा वाजेपर्यंत दुसऱ्या कामात अडकलेली.

"सर, तो रोज माझ्या संदेशाची वाट बघत बसलेला असतो, हे मला मनातून ठाऊक होतं," ती म्हणाली. "तरी मी पाठवलं."

दहा बत्तीसला उत्तर आलं. तिनं पुरण शून्यावर आणलं, धक्का-मर्यादा काढून टाकली आणि डोळे मिटून कळ दाबली. मग हर्षदचा आवाज ऐकून तिनं डोळे उघडले. चित्र अडखळत होतं. एका चौकटीत त्याचं तोंड उघडं, पुढचीत डोळे मिटलेले, तिसरीत हात पोटावर. कोपरा रिकामा होता. तो हसत होता.

"काय घाबरवलंस गं! आवाज तर असा चिडका काढलास की क्षणभर खरंच वाटलं. पण इतकं गोड हसत कोणी नवऱ्याला घराबाहेर काढतं का? पकडली गेलीस! गालाला खळीसुद्धा पडली होती."

तांडेलांनी हळूच विचारलं, "यानावर दृश्यचालक कुणाचा आहे?"

"माझाच. याच मांडण्या मीच पाठवल्या होत्या."

चार महिने तो तिचे संदेश बघत होता, सगळेच्या सगळे. तिची नजर जशी कोपऱ्यात त्या बाईला शोधत राहिली, तशी त्याची नजर तिच्या ओठांवर राहिली, आणि यंत्रानं त्याला रोज तिचं जुनं हसू भरून दिलं. आपला खरा आंबट चेहरा तिकडे धक्का म्हणून टाकून दिला गेला, हे कळून तिला रडू कोसळलं. लाज वाटली आणि हर्षदवर इतकं प्रेम दाटून आलं की बारा वाजेपर्यंत काय करावं ते सुचेना.

बारा वाजता तिनं आधी यानाला आज्ञा पाठवली. पुरण शून्य, धक्का-मर्यादा रद्द. मग डोळे पुसून ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि हसली, कारण आता तिच्या वतीनं हसायला तिकडे कोणी नव्हतं.